केळीची किनार उघडेना

दुकानातला कॉम्प्युटर उन्हाळ्यात जळाला. जळगावचा मे महिना, डोक्यावर पत्रे, विजेचा दाब सारखा वरखाली. दुरुस्तीवाल्याने आतली मदरबोर्डची पाटी काढून माझ्या नाकासमोर धरली. "वास घ्या भाऊ. ही आता मिळत नाही." मी म्हटलं, मिळत नाही हे मला सांगू नकोस, किंमत सांग. तो म्हणाला, "असती तर सांगितली असती." विकायला काहीच नसलेला माणूस मला धंद्यात फार क्वचित भेटला आहे. अशा माणसाशी भांडता येत नाही, आणि मला तर भांडायचं होतं.

मी लग्नपत्रिका करतो. चोपड्याकडच्या खेड्यातून आलो, छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला राहिलो. खिळे भंगारात गेले तेव्हा मालकाच्या कॉम्प्युटरला हात लावून लावून, शिव्या खात शिकलो. इतर लोक तयार चित्रांच्या सीड्या आणून पत्रिका सजवतात. माझ्या किनारी, माझे गणपती, 'शुभविवाह'ची अक्षरं मी माउसने स्वतः काढली आहेत. मनगट सुजायचं. गिऱ्हाईक माझ्याकडे त्यासाठीच येतं.

हे सगळं काम ज्या मराठी प्रोग्रॅममध्ये आहे तो मी धुळ्याच्या एका डीलरकडून घेतला होता. अख्खी दुपार घासाघीस करून. त्याच्याबरोबर अंगठ्याएवढं एक लॉक येतं. ते कॉम्प्युटरच्या मागे खोचलेलं असेल तरच प्रोग्रॅम सुरू होतो, आणि माझ्या फायली त्याच प्रोग्रॅममध्ये उघडतात. दुसरीकडे उघडल्या तर नुसती गिचमिड.

जळक्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क वाचली. तिच्यातल्या फायली घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून ती मी बायकोच्या साड्यांच्या कपाटात ठेवली आणि त्याच्यासमोर बसलो. त्यात नवी विंडोज होती. प्रोग्रॅम चढवला, लॉक खोचलं. पडद्यावर आलं, लॉक सापडलं नाही.

"अरे, मागेच आहे! डोळे फुटले का?"

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, आता त्याच्याशीपण भाव करताय?"

त्याच आठवड्यात पहूरचे एक आबा आले. मोठं केळीच्या बागायतदारांचं घर, जुनं गिऱ्हाईक. थोरल्या नातवाच्या लग्नात मी त्यांच्या पत्रिकेला केळीच्या पानाची किनार काढली होती, खालच्या कोपऱ्यात घड. नंतर त्या घरातली प्रत्येक पत्रिका तशीच निघाली.

"नातीचं लगन ठरलं भो. दिवाळीनंतर. पत्रिका आपली नेहमीचीच, पानाची."

मी सहजच बोलतोय असं दाखवून म्हटलं, "आबा, यंदा मोराची किनार करू का? नवीन आलीय."

"मोर काय माह्या वावरात पिकतो? चारी पोरांच्या लग्नात हेच पान व्हतं. पोरगी म्हनीन, माह्याच टायमाले काय झालं?" मग माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं. "तुले जमत नसीन तं सांग. मी भुसावळले जातो."

"जमत नाही कोण म्हणतंय?" मी म्हटलं.

जुनी छापील पत्रिका होती माझ्याकडे, पण मरून रंगाच्या कागदावर सोनेरी शाई. स्कॅन केली तर पानाच्या जागी डाग उमटले. पान परत काढावं, तर हात पहिल्यासारखा फिरत नाही. आणि का काढावं? माझीच वस्तू माझ्याच घरात, मी ती दुसऱ्यांदा का करावी?

धुळ्याला फोन लावला. डीलर अगदी गोड बोलला. "ते व्हर्जन बंद झालं भाऊ. नवीन घ्या. आता दर वर्षी भरायचे असतात."

"मी कायमचं विकत घेतलं होतं. भाड्याने नाही."

"फायली तुमच्याच आहेत ना? त्यांना कोण हात लावतंय? उघडायचं साधन तेवढं आमचं."

"म्हणजे घर माझं आणि दार तुझं?"

"तसं समजा."

तसं समजा! दुकानात शेजारचे दोघेतिघे बसले होते. त्यांच्यासमोर मी फोनमध्ये ओरडलो की तुझ्या दुकानाची पायरी चढलो तर नाव बदलीन. शेजाऱ्यांनी माना हलवल्या. फोन ठेवल्यावरही मी बराच वेळ त्याच्याशी बोलत होतो.

मग मी शोधायला लागलो. विंडोज सोडून दुसऱ्या प्रणाली असतात हे ऐकून होतो. लिनक्स म्हणतात तिला, आणि तिचेही कितीतरी प्रकार. पेन ड्राइव्हवर उतरवायची, कॉम्प्युटर तिथून सुरू करायचा. आतल्या विंडोजला धक्का न लावता सगळं चालवून बघायचं, आवडलं नाही तर पेन ड्राइव्ह काढून टाकायचा. दुकानदाराने साडी नेसून बघायला द्यावी, वर चहा पाजावा आणि नको म्हटल्यावर हसून घडी घालावी, तसं. पण किंमत कुठेच लिहिलेली नव्हती. मी त्यांची पानंच्या पानं वाचून काढली, मेख कुठे आहे ते बघायला. मेख सापडेना. फुकट म्हटल्यावर मी घासाघीस कशावर करू? आणि ज्याच्याशी घासाघीस करता येत नाही त्याच्यावर विश्वास तरी कसा ठेवू?

तरीही एक उतरवली. मग दुसरी. एकीत सगळी बटणं डाव्या बाजूला उभी, दुसरीत खाली आडवी. एक दिसायला देखणी, पण प्रिंटरला ओळख दाखवेना. एकीत मराठी अक्षरं अशी सुबक की मी उगाच माझा पत्ता टाइप करून बघत बसलो. एकीत आवाज येईना, म्हणून आवाजाच्या मागे सबंध सकाळ गेली, आणि मला आवाजाची काही गरजही नव्हती. रविवार आला की मला चैन पडेना. नाष्टा हातात घेऊनच बसायचो. एक जरा स्थिर झाली, सगळं नीट चालायला लागलं, की वाटायचं, पुढची याहून बरी असेल.

बायको दाराशी येऊन पडदा बघायची. "आज पाहुणे कोण?"

"नवीन आहे. हलकी आहे, जुन्या मशीनवर चांगली पळते."

"कालचे बरे होते. त्यांच्यात माझी भजनं लागायची." मग जवळ येऊन विचारलं, "यांच्यापैकी कोणाला तुमचं पान उघडता येतं का?"

"अजून नाही."

"मग इतक्या जणांना कशाला जेवू घालताय?"

मी आवाज चढवला. ती भाजी निवडायला निघून गेली.

लिनक्समध्येच विंडोजचे प्रोग्रॅम चालवायची एक युक्ती असते. ती केली. माझ्या प्रोग्रॅमचा ओळखीचा चेहरा पडद्यावर आला आणि मी खुर्चीतून उठलोच. पण चेहऱ्यापाठोपाठ तीच पाटी, लॉक सापडलं नाही. मी माउस आपटला. नवा आणावा लागला, आणि माउसवाल्याने ओळखलं की मला घाई आहे, एक रुपया सोडला नाही.

पावसाळा सरत आला. आबांचा फोन आला, पान काढून ठेवलं का? मी म्हटलं, ठेवलंय.

शेवटी वाचता वाचता एक गोष्ट सापडली. कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर बसवता येतो. खराखुरा नव्हे, मानलेला. बाहेर लिनक्स चालू, आत एका चौकटीत जुनी विंडोज, आणि त्या आतल्या बिचारीला वाटतं की आपण एकट्याच आहोत. जळक्या मशीनबरोबर आलेली विंडोजची सीडी खोक्यात जपून ठेवलेली होती. एका रविवारी दुपारपर्यंत ती आत बसली. तो जुना पडदा उजळला तेव्हा परगावी आपल्या गावचा माणूस भेटावा तसं झालं. लॉक खोचलं. त्याचा दिवा लागला! या कॉम्प्युटरवर आधी एकदाही लागला नव्हता. आणि आतल्या विंडोजने विचारलं, या लॉकचा ड्रायव्हर कुठे आहे? म्हणजे ते लॉक कसं ओळखायचं हे सांगणारी छोटी फाइल. ती प्रोग्रॅमबरोबर मिळालेल्या एका वेगळ्या सीडीवर होती.

"ती निळ्या अक्षरांची सीडी कुठाय?"

बायकोने गच्चीकडे बघितलं.

गच्चीवर कुरडया वाळत घालताना कबुतरं बसू नयेत म्हणून तिने दोरीला सीड्या टांगल्या होत्या. वाऱ्याने गरगर फिरत होत्या. निळ्या अक्षरांची शेवटून दुसरी. उन्हाने तिची चकाकी पापुद्र्यांसारखी सुटली होती, तिच्यातून पलीकडची पाण्याची टाकी दिसत होती.

"जुन्या सीड्या टाकून दे, असं कोण म्हणालं होतं?" तिने विचारलं. "मी तर टाकल्या नाहीत. कामाला लावल्या."

इंटरनेटवर शोधला. सगळीकडे नव्या लॉकचे ड्रायव्हर, जुन्याचा पत्ता नाही. आता तो एकाच ठिकाणी मिळण्यासारखा होता, आणि त्या ठिकाणाची पायरी मी चढणार नव्हतो.

मी कॉम्प्युटरचा डबाच चादरीत बांधला आणि धुळ्याच्या एसटीत बसलो. माल घ्यायचा तो दुकानदारासमोर तपासून. घरी येऊन चुकीचा निघाला तर तो कशाला ओळख देतोय? डबा मांडीवर घेतला.

कंडक्टर म्हणाला, "सामानाचं तिकीट लागेल."

"मांडीवर आहे. मांडीवरच्या पोराचं घेता का?"

"वय काय पोराचं?"

मी कॉम्प्युटरचं खरं वय सांगितलं. बस हसली. कंडक्टरनेही सोडलं, पण पारोळ्यापर्यंत येता-जाता तो डब्याला "काय बाळ, बरं आहे ना?" विचारत होता.

धुळ्यात डीलरच्या दुकानासमोर मी रस्त्यावरच उभा राहिलो. अर्ध्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकत होती. त्याने मला ओळखलं, चादरीत काय आहे तेही ओळखलं.

"या, वर या."

"वर येणार नाही. जुन्या लॉकचा ड्रायव्हर पाहिजे."

"मग रस्त्यावर धंदा करायचा का?" तो चिडला आणि त्याची फोनवरची गोड भाषा गळून पडली. "बठ्ठं बंद व्हई गयं भाऊ! मनी एजन्सी बी गई. माले बी सोडं नही त्यासनी." प्रोग्रॅमच्या कंपनीने त्याची एजन्सी काढून घेतली होती, आणि त्याची जुनी गिऱ्हाइकं माझ्यासारखीच त्याच्या नावाने ओरडत होती. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पण त्याच्याकडे ड्रायव्हर होता, आणि त्याने विचारलं, "दिला, तर मला काय?"

कित्येक महिन्यांनंतर कोणीतरी मला हा प्रश्न विचारला होता. जिवात जीव आला.

मी सांगितलं की जुना प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर चालवायची रीत माझ्याकडे आहे. तुझ्या गिऱ्हाइकांना दाखव, शिव्या थांबतील. तो म्हणाला, आधी रीत. मी म्हटलं, आधी ड्रायव्हर. तो म्हणाला, मग राहू द्या. मी चादरीची गाठ बांधायला घेतली. त्याने कव्हरं झटकायला घेतली. गाठ तीनदा बांधून सुटली तेव्हा तो म्हणाला, "बरं, समोरासमोर." त्याने मॉनिटर उचलून काउंटरच्या कडेला, तोंड रस्त्याकडे करून ठेवला आणि वायर खाली सोडली. मी डबा पायरीच्या खाली स्टुलावर ठेवला. आत जुनी विंडोज उजळली आणि ती बघताच त्याने सीडी पुढे केली. त्याच्या बोटांनी ती सोडेपर्यंत मी माउस सोडला नाही.

लॉक सापडलं.

मी पहूरची फाइल उघडली. पान आलं. शिरांसकट, कोपऱ्यातल्या घडासकट. भर दुपारी, रिक्षांच्या गर्दीत.

"हे तुम्ही काढलं?" डीलर वाकून बघत म्हणाला. "मी समजत होतो, तयार मिळतं."

मी पडद्यावर पान मोठं केलं. मला पानाचा देठ थोडा जाड वाटत होता. आबांना फोन लावला.

"आबा, पान सापडलं!"

"हरपलं कधी व्हतं?" आबा म्हणाले.

मग मी एकेक फाइल पीडीएफ करायला घेतली, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर, कुठल्याही प्रणालीत, कोणाला न विचारता उघडेल. डीलर म्हणाला, घरी जाऊन करा. मी म्हटलं, नाही, इथेच, तुझ्यासमोर. ऊन माझ्या पाठीवरून मानेवर आलं. त्याने स्वतःसाठी चहा मागवला, मग बघून माझ्यासाठीही मागवला. मी प्यायलो, पण आभार मानले नाहीत. गणपती गेले, तोरणं गेली, सगळी अक्षरं गेली. शेवटची फाइल झाल्यावर मी मागून लॉक उपटलं आणि त्याच्या काउंटरवर ठेवलं.

"घे तुझं दार."

त्याने ते बोटाने माझ्याकडे ढकललं. "विकलेला माल आम्ही परत घेत नाही."

"काय म्हणालास? विकलेला?"

त्याने रस्त्यात थांबून ऐकणाऱ्या लोकांकडे बघितलं.

"विकलेला ना? भाड्याने दिलेला नाही ना?"

"हळू बोला," तो म्हणाला, "बठ्ठा बाजार आयकी राह्यना."

मी आणखी मोठ्याने विचारलं.