काड्या फुल्ल, फोन मुका

आमच्या खालच्या मजल्यावर सिस्टर राहते. हॉस्पिटलातून रिटायर झाली तरी सिस्टरच. तिच्या नवऱ्याला लोक ‘सिस्टरचे मिस्टर’ म्हणत आणि तो बिचारा असेपर्यंत हसून ओ देत असे. आता ती घरोघर जाऊन इंजेक्शनं देते, जखमा धुते, पट्ट्या बदलते. हात हलका, जीभ तिखट. पेशंट ओरडला तर म्हणते, “ओरडा. फुप्फुसं चांगली आहेत एवढं कळलं.”

तिचा एक नियम आहे. आपण होऊन पेशंटला फोन करायचा नाही.

“ताई, बऱ्या झालेल्या माणसाला नर्सचा आवाज नको असतो. फोन यायचा थांबला की समजायचं, जखम भरली.”

तिच्या कामात निरोप नाही, आभार नाहीत. फोन थांबणं हीच पोचपावती.

मग मोबाइल कंपनीने जुनं नेटवर्क गुंडाळायचं ठरवलं. मेसेज आला, ‘अधिक चांगल्या अनुभवासाठी’. कुणाच्या, ते लिहिलं नव्हतं. सिस्टरचा बटणांचा फोन त्यात मेला. तिच्या भाच्याने आपला वापरलेला टचचा फोन आणून दिला, जुनंच कार्ड घालून दिलं. “मावशी, सिग्नलच्या काड्या बघ, फुल्ल!” काड्या फुल्ल होत्या, व्हिडिओ भराभर चालत होते. आणखी काय हवं?

फोन मात्र वाजेनासा झाला.

सुरुवातीला ती खूश होती. “अख्खी गल्ली ठणठणीत झाली की काय! माझ्या पोटावर पाय आणता का सगळे मिळून?” मग हसणं कमी झालं. टेलरमास्तरांचं तिला खटकत होतं. मास्तर म्हणजे गल्लीच्या टोकाचे शिंपी. साखरेचा आजार, त्यात उजव्या पायाच्या बोटांपाशी चिघळलेली जखम.

“ती इतक्यात भरणारी नाही, ताई.”

“मग कर की फोन.”

“मी? मुळीच नाही. गेले असतील त्या नव्या दवाखान्यात. तिथे एसी आहे, गोड बोलणाऱ्या पोरी आहेत. माझ्या शिव्या कोण खाईल?”

मानी बाई. फुगून बसली.

एका सकाळी मला ब्लडप्रेशर मोजून हवं होतं. जिने उतरायचा कंटाळा, म्हणून तिला फोन लावला. ‘आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे.’ त्या क्षेत्राबाहेरच्या बाईचं खाकरणं मला खिडकीतून स्वच्छ ऐकू येत होतं! मी खिडकीतूनच ओरडले. ती वर आली.

“फोन उचलायला काय होतं गं तुला?”

“वाजला तर उचलीन ना!”

दोन्ही फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. माझ्या फोनमधली बाई तेच तेच म्हणत राहिली. सिस्टरचा फोन पाचही काड्या मिरवत ढिम्म पडलेला. ब्लडप्रेशर न मोजताच वाढलं. मी तिला तशीच कंपनीच्या दुकानात घेऊन गेले.

काउंटरवरचा टायवाला म्हणाला, “आजी, हा हँडसेटचा इश्यू आहे. यात इंटरनेट नव्या नेटवर्कवर चालतं, पण कॉल जुन्यावरून यायचे. ते आता बंद झालं.”

“मग या काड्या कसल्या?”

“इंटरनेटच्या.”

“काड्या दिसतील पण फोन येणार नाहीत, हे कुणी सांगितलं तिला?”

“मेसेज गेलाय ना सगळ्यांना.”

“त्यात हे लिहिलं होतं?”

“अपग्रेड म्हटलं की थोडा त्रास होतोच, आजी.”

“तुला झाला का?”

तो टाय नीट करू लागला. माझं भांडण आत्ता कुठे रंगात येत होतं, पण सिस्टर एकच शब्द बोलली, “मास्तर!” आणि दार ढकलून चालती झाली.

मीही मागोमाग गेले. मास्तरांच्या घराचं दार त्यांच्या बायकोने, वहिनींनी उघडलं. “आलात एकदाच्या! किती फोन केले हो. हे म्हणाले, सिस्टर रागावल्या, फोन बंद करून ठेवलाय.”

मागच्या खेपेला तिने मास्तरांना साखरेचा चहा पिताना पकडलं होतं. पुन्हा दिसला तर या घरात पाऊल ठेवणार नाही, असं बजावलं होतं. मास्तरांनी ती शिक्षा मुकाट्याने घेतली. चहा सोडला आणि पट्टी आपली आपणच बदलत बसले.

सिस्टरने पट्टी सोडली. काय झालंय ते वासानेच सांगितलं. दोन बोटं काळी पडली होती.

“अहो, कुणाला तरी पाठवायचं होतं माझ्याकडे!”

“रागावलेल्या माणसाकडे कुणाला कसं पाठवायचं?” मास्तर म्हणाले.

“मी रागावले आणि आले नाही, असं कधी झालंय?”

त्याच दुपारी त्यांना हॉस्पिटलात नेलं. दोन बोटं गेली. पाऊल वाचलं, यात समाधान माना, असं डॉक्टर म्हणाले; आठवडाभर आधी आणलं असतं तर, असंही म्हणाले.

मी तक्रार केली. कंपनीचं उत्तर आलं: आपल्या भागातील सिग्नल तपासला असता उत्तम आढळला. उत्तम! या लोकांच्या लेखी काड्या उभ्या असल्या की माणसंही उभी असतात.

परवा मास्तर पहिल्यांदा मशीनवर बसले. सिस्टर पट्टी बदलून तिथेच थांबली होती, मीही होते. त्यांनी पायडलवर उजवा पाय ठेवला, पण पुढून जोर येईना. डावा ठेवला. चाक उलटं फिरलं आणि दोरा तुटला.

“ओवून देऊ?” सिस्टरने विचारलं.

“दोरा ओवता येतो मला,” मास्तर तिच्यावर खेकसले. “पाय सोडून बाकी सगळं शाबूत आहे!”

एरवी असं कुणी बोललं असतं तर तिने त्याची सालटी काढली असती. आता ती मान खाली घालून कात्रीशी चाळा करत राहिली. माझ्या अंगाची आग आग झाली. ते ऐकून घ्यायची पाळी तिची नव्हती.