बैलाच्या पोटातली जाळी

जुन्या टेम्पोचं आम्ही नवराबायकोने फिरतं घर केलं. दोन पलंग, छोटा ओटा आणि घरच्या स्वयंपाकघरातलाच फ्रिज, इन्व्हर्टरवर चालवलेला. त्याला धूळ लागू नये म्हणून ह्यांनी सुताराकडून प्लायवूडचं घट्ट कपाट करून घेतलं. मागे थेट टेम्पोचा पत्रा, बोटभरही जागा नाही. वरून मी लोकरीचं विणलेलं कव्हर घातलं. दोघंही खूश.

पहिलीच फेरी पाथर्डीची, धाकट्या बहिणीच्या मुलीच्या साखरपुड्याला. श्रीखंड माझ्याकडे होतं. संगमनेरहून निघताना घरच्या दुधाचा चक्का डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवला, साखर तिथे गेल्यावर घालायची. माझ्या भरवशावर बहिणीने दुसरं गोड ठरवलंच नव्हतं. चक्का आंबला असता तर पंगतीत मला तोंड दाखवायची सोय नव्हती.

घोडेगावला चहाला थांबलो. आत जाऊन बघते तर कपाटाची फळी तव्यासारखी तापलेली. मोटर एकसारखी घरघरत होती आणि डबे कोमट.

"फ्रिज बिघडला," हे म्हणाले.

"बिघडला नाही, गुदमरलाय. गोठा बांधताना काय केलं होतं तुम्ही?"

गोठ्याच्या भिंतीत खाली झरोके आणि पत्र्याच्या माथ्याला फट ह्यांनीच ठेवली होती. गार हवा खालून आत येते, तापलेली वरून निघून जाते. म्हशींसाठी सुचलं ते फ्रिजसाठी सुचलं नाही. मला तरी कुठे सुचलं? मी तर त्याला स्वेटर चढवला होता.

जनावरांच्या बाजाराचा दिवस होता. रसवंतीवरून बर्फ आणला आणि डबे टबात बर्फात बसवले. समोरच गव्हाणी बनवणाऱ्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. फ्रिज पुढे ओढला आणि त्याच्यामागे टेम्पोच्या पत्र्यात दोन खिडक्या पाडायला सांगितल्या, एक खाली, एक वर.

वेल्डिंगवाला बाहेरून बघून थबकला. त्या बाजूला ह्यांनी हौसेने बैलजोडी रंगवून घेतली होती.

"ताई, वरची खिडकी बैलाच्या पोटात येतीय की."

"येऊ दे."

"अगं, रंग अजून नवा आहे!" हे कळवळले.

"अहो, बैल पाहिजे का श्रीखंड, एकदा ठरवा."

ह्यांनी पाठ फिरवली. "काप बाबा. फक्त मला बघायला लावू नकोस."

दोन्ही खिडक्यांना बारीक जाळी बसवली. फ्रिज मागे सरकवताना वीतभर जागा सोडली, कव्हर घडी करून पलंगाखाली टाकलं. पाथर्डी येईपर्यंत फळी गार झाली होती आणि मोटर मध्येमध्ये चक्क विश्रांती घेत होती. मी उतरायच्या आधी चक्का चाखला. जराही आंबला नव्हता.

बहीण टेम्पोला वळसा घालून आली. "आक्का, तुझा बैल गरम गरम फुंकतोय गं!"

पंगतीत श्रीखंड पुरवून पुरवून वाढावं लागलं. हे मात्र पानावर नव्हते. एकेका पाहुण्याला बाहेर नेऊन, बैलाच्या पोटापुढे हात धरायला लावत होते.