अक्कांना चव आली

अक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी शाळेत सहावीचा वर्ग घेत होते. घरून फोन आला... दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. माझ्या थोरल्या जाऊबाई. सव्वा महिना झाला, रडून झालं. आता मला त्यांनी जिंकलेल्या लढाईबद्दल लिहायचं आहे, कारण मरणाला त्यांनी एकदा हात हलवत परत पाठवलं होतं.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला, त्याच्या आदल्या वर्षाची गोष्ट. सुरतेतल्याच बमरोलीत आमचं एकत्र घर. अक्कांचे यजमान, आमचे दादा, पॉवरलूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, माग दुरुस्त करणारे जॉबर. माग कुठे अडतोय ते नुसतं कान देऊन सांगणारे. घरात काही कमी नव्हतं, आणि त्याच वर्षी अक्कांचं हसणं आटलं. सणवार, नातवंडं, कशातच मन लागेना. विचारलं की एवढंच म्हणायच्या, "माले काहीच गोड लागत नही." गल्लीतल्या बायकांनी निदान करून टाकलं, हिला सुख बोचतंय. मला अजून त्या वाक्याचा राग येतो. ज्या बाईला सुख लागतच नव्हतं, तिला ते बोचणार कुठून?

आम्ही आळीपाळीने त्यांच्या आवडीचं रांधायचो. मला अपूर्णांक शिकवता येतात, स्वयंपाकाच्या नावाने आनंदच. तरी माझं भरीतही त्या मुकाट्याने गिळायच्या. गोळ्यांनी गुण येईना. मग गिळणंही थांबलं. पाण्याचा पेला तोंडाजवळ नेला की मान फिरवायच्या.

त्यांचे मानसोपचाराचे डॉक्टर गुजराती होते, सावकाश बोलायचे. "बेन, दिमाग में खुशी का जो रास्ता है ना, वो बंद पड़ा है. बेहोश करके हल्का करंट देंगे. अब राह देखने का टाइम नहीं है."

करंट म्हटल्यावर दादा उठून बाहेर गेले. खात्यात एका कारागिराला करंट लागून मागाला चिकटलेलं त्यांनी पाहिलं होतं. चार दिवस त्यांनी संमतीच्या कागदावर सही केली नाही; तोवर अक्कांच्या पोटात चमच्याने जेमतेम घोटभर पाणी जात होतं. शेवटी मी, कधी त्यांच्यासमोर मोठ्याने न बोलणारी, म्हणाले, "दादा, पाण्यावाचून जातील त्या." तेव्हा त्यांनी सही केली.

पहिल्या शॉकच्या सकाळी ते दवाखान्यात आले ते खांद्यावर पोतं घेऊन. पोत्यात चाळलेली कोरडी माती! आमच्या गावाकडे करंट लागलेल्या माणसाला मातीत निजवतात, अंगाला माती चोळतात. तशी सोय ते घेऊन आले होते. नर्स कपाळाला हात लावून उभी राहिली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी दादांना आत नेऊन मशीन दाखवलं, करंट किती आणि किती वेळ ते समजावलं. दादांनी जॉबरसारखे दहा प्रश्न विचारले आणि पोतं बाहेर कडुनिंबाच्या बुंध्याशी रिकामं केलं.

तीन शॉक झाले तरी फरक नाही. उलट अक्का माझं नाव विसरल्या, तेव्हा मीही मनातून खचले. पाचव्यानंतर घरी आणलं. दुपारी पानात भाकरी आणि माझं भरीत. पहिला घास तोंडात घेऊन त्या थांबल्या. आम्ही सगळेच थांबलो...

"कोनी कयं हे भरीत? मीठ टाकाले हात मोडना व्हता का?"

दादा ताटावरून उठून मोरीत गेले, नळ सोडून रडले. मी तर तिथेच रडत होते आणि हसत होते. आयुष्यात इतका सुंदर अपमान माझा कोणी केला नाही.

दुखणं मध्ये एकदा फिरून आलं. अक्कांनी स्वतःच ओळखलं, "चव गई, चाल डॉक्टरकडे," आणि बऱ्या होऊन आल्या. पुढे गल्लीत कुणाची सून गप्प गप्प दिसली की अक्का तिच्या दारात हजर. "खाताना चव लागस का?" एवढंच विचारायच्या. नाही म्हणाली की तिला रिक्षात घालून दवाखान्यात. सुख बोचण्याची भाषा आमच्या गल्लीतून त्यांनी हद्दपार केली.

घरात मात्र कुणाचीही भाजी त्यांनी नाव ठेवल्याशिवाय खाल्ली नाही. त्या बोलल्या की मगच दादा दुसरा घास घ्यायचे.

परवा मी भरीत केलं. आता मला जमतं. मीठ अगदी बरोबर होतं. दादांनी पहिला घास घेतला आणि हात थांबवला. नजर अक्कांच्या जागेकडे गेली.

"मीठ कमी शे," मी म्हणाले.

दादांनी चिमूटभर मीठ घेतलं, आणि पानातलं सगळं संपवलं.