बंद झालेला स्टॉप

म्हैसूरच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते. 'प्रोटेस्ट' म्हणजे मोर्चा, घोषणा, असंच मुलांना सांगत आले.

माझ्या नंजनगूडच्या बसमध्ये एक बाई रोज असते. वाटेत कडकोळला तिच्या कारखान्यासमोरचा स्टॉप बंद केलाय. तरी तो जवळ आला की ती डबा सावरत उठून उभी राहते. बस पुढे जाते, ती पुढच्या स्टॉपवर उतरून मागे चालत जाते.

"अक्का, थांबत नाही ना? बसा की," मी म्हटलं.

"गोत्तु, ठाऊक आहे मला. पण बसून राहिले तर बसवाल्यांना वाटेल, हिचं भागतंय."

दुसऱ्या दिवशी मीही उठले. मग शेजारची, हळूहळू सगळेच.

काल ड्रायव्हरने खरंच ब्रेक मारला. आम्ही एकमेकांवर कोसळलो. ती एकटीच दांडी घट्ट धरून उभी होती.