डेल्टावाल्यांचं घर

दुसऱ्या लाटेत टीव्हीवर 'भारतीय विषाणू' म्हणायला लागले, तेव्हा आमची अख्खी गल्ली भडकली होती. मग बातमी आली की कुठल्या देशाची बदनामी नको म्हणून त्याला ग्रीक अक्षराचं नाव दिलंय, डेल्टा. "बरं केलं की! रोगाला गावाचं नाव कशाला?" वडील म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्याच आठवड्यात पलीकडच्या म्हशीवाल्या काकांची बायको त्या आजारानं गेली. आमच्या पेठेत घराला टोपणनाव पडायला वेळ लागत नाही. "डेल्टावाल्यांकडचं दूध नको," असं पहिल्यांदा कोण म्हणालं, हे आज एकही शहाणा कबूल करत नाही. लॉकडाऊन उठल्यावर काका रोज संध्याकाळी म्हैस घेऊन दूध विकायला कट्ट्यावर उभे राहायचे. समोर धार काढून घेणारी त्यांची जुनी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून दुसऱ्याकडं जायची. शेवटी त्यांनी म्हशी विकल्या.

परवा गॅसवाल्याला त्यांचं घर सापडेना. काका दारात उभे राहून फोनवर त्याला सांगत होते, "पावणं, डेल्टावाल्याचं घर कुठं म्हणून इचारा की. कोणबी दावंल."