याकूबभाईंचा एका दिवसाचा सिनेमा

शुक्रवारी कॅम्पात हिंदी पिक्चरची कॅसेट लागायची. पडद्यावर खलनायकाचा अड्डा आला, की याकूबभाई उठायचे. "आले माझे भाऊबंद. मी भाताकडं बघतो." अड्ड्यात भाला घेतलेले दोन काळे पहारेकरी हटकून असत. पोरं त्यांच्याकडे बोट दाखवून याकूबभाईंना हाका मारत. त्यात माझाही आवाज असे.

याकूबभाई मुरूडकडचे सिद्दी. पिढ्यान्‌पिढ्या कोकणातले, बोलणं आमच्यासारखं, रंग आणि केस मात्र आफ्रिकेतल्या पूर्वजांचे. सौदीतल्या हफ्र अल बातिनच्या कॅम्पात ते वेल्डर, मी रत्नागिरीचा इलेक्ट्रिशियन. तीन वर्षं एकाच खोलीत. माझ्या तापात त्यांनी माझे कपडेसुद्धा धुतले होते.

मुंबईत ते सिनेमाच्या सेटवर वेल्डिंग करायचे. एके दिवशी कुणीतरी त्यांना उघडं करून खलनायकामागे उभं केलं. "मी मुळातच काला, तरी वरून बूटपॉलिश फासलान," ते सांगत. "बाला, पिक्चरमधला काला मानूस घरी कधी जेवत नाय. त्याला बायको नाय, आय नाय. नुसता भाला."

त्या पिक्चरची कॅसेट मला जेद्दाला बलदच्या बाजारात सापडली. वेष्टनावर खलनायकामागे भाला धरलेले याकूबभाई स्पष्ट ओळखू येत होते. चिडवायला मी ती घेऊन आलो. ते एवढंच म्हणाले, "पैशे फुकट घालवलेस."

एक्क्याण्णवच्या जानेवारीत इराकशी युद्ध पेटलं. कंपनीने आम्हाला बसमध्ये कोंबून जेद्दाकडे धाडलं. वाटेत भर दुपारी नाक्यावर बस अडली. सुदानचं सरकार इराककडे झुकलेलं, त्यामुळे सुदानी माणसावर संशय. शिपाई थेट याकूबभाईंपाशी आला. "सुदानी?"

"हिंदी! हिंदी!" आम्ही ओरडलो. तिकडे हिंदी म्हणजे भारतीय. पण त्यांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नूतनीकरणासाठी कफीलकडे, जामीन राहिलेल्या मालकाकडे, अडकलेला, पासपोर्टही त्याच्याच कपाटात. शिपायाने त्यांना खाली उतरवलं.

तेव्हा मला अक्कल सुचली. मी पिशवीतून कॅसेट काढून खिडकीतून पुढे केली. "हिंदी सिनेमा! हा बघा, हाच!"

शिपायाने चित्र पाहिलं, याकूबभाईंकडे पाहिलं. मग भाल्यावर बोट ठेवून म्हणाला, "आफ्रिकी." दुसऱ्या शिपायालाही त्याने ते दाखवलं. दोघांची खात्री पटली. आगीत तेल मीच ओतलं होतं.

याकूबभाईंनी खिडकीचा गज धरला. तो माणूस मी कधी रडताना पाहिला नव्हता. "बाला, सांग ना रे यांना! माझ्या आयचं नाव सांग, शालेतल्या मास्तरांचं नाव सांग!"

मला त्यांच्या आईचं नाव ठाऊक नव्हतं. तीन वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.

"यल्ला, यल्ला!" शिपाई ओरडला. ड्रायव्हरने बस सोडली.

जेद्दात मी दिसेल त्या कचेरीत खेटे घातले. भारतीयांच्या यादीत ते नव्हते, सुदान्यांच्याही नव्हते. कफील म्हणाला, "खलास, माझ्याकडे कुणी नाही." त्यांचा पत्ता आजवर लागलेला नाही.

गावी परतल्यावर मुरूडला गेलो. त्यांची आई ओटीवर बसली होती. कॅसेटसकट सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती मला लागेलसं एक शब्दही बोलली नाही.

तिने विचारलं, "बसमंदी किती जनं व्हतात?"

"चाळीसेक."

"आनि त्याच्यासंगती उतरला कोन?"