कानातला सूर, कमरेचा शेला

सकाळी चहा ठेवता ठेवता चंदाकाकू आतूनच विचारतात, "आज काय?"

"मिक्सर," तुळशीदासकाका सांगतात.

मग काकू भांडी जरा जपून ठेवतात. 'रातकिडा' असं उत्तर आलं तर दिवस चांगला जाणार. 'शिट्टी' म्हणजे कुकरची, न थांबणारी. त्या दिवशी काका हलक्या आवाजात रेडिओ लावून जेवतात आणि काही टोचून बोलले तर काकू मनावर घेत नाहीत. त्यांच्या घराची ही आपली भाषा आहे.

काका मोखाड्याच्या पंचायत समितीत कारकून आहेत. एका हिवाळ्यात तापातून उठले तेव्हा कानात एक बारीक सूर लागला, तो लागलाच. आधी त्यांनी फ्रीज बंद केला, मग टीव्हीची पिन काढली, शेवटी विजेच्या मीटरला कान लावून उभे राहिले.

"आता शेजाऱ्यांचाही मीटर बघून या," काकू म्हणाल्या.

नाशिकच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, की हा आवाज बाहेरून येत नाही. जाईल असं वचन देता येत नाही, पण त्याला भिऊ नका. अगदी शांत खोलीत बसू नका आणि मोठ्या आवाजापासून जपा.

पहिले काही महिने वाईट गेले. नंतर काकांना त्या आवाजाच्या खोडी कळायला लागल्या. सर्दी झाली, झोप नीट झाली नाही की तो चढतो. कचेरीत पंखा फिरत असला की मागे सरतो, वीज गेली की पुढे येऊन बसतो. एकदा कामासाठी जीपने दाभोशाला गेले असताना ते धबधब्याकडे उतरले आणि कानातला सूर पाण्यात कुठे विरघळला ते कळलंच नाही. ते तिथे इतके रमले की जीपवाला वर हॉर्न वाजवून दमला. आता एखाद्या रविवारी काका-काकू डबा घेऊन तिथे जातात. फारसं बोलत नाहीत. बोललेलं ऐकूही येत नाही.

एवढं सगळं जमलं, पण बोहाड्याचं काय करायचं ते कळत नव्हतं.

बोहाडा म्हणजे देवीच्या उत्सवात रात्रभर, पार उजाडेपर्यंत नाचणारी मुखवट्यांची सोंगं. कुठलं सोंग कुणाच्या घराचं, ते ठरलेलं असतं. काकांच्या घरी त्राटिकेचा मान. लाकडी मुखवटा जड, तोंडाच्या फटीतून दिसेल तेवढंच दिसतं, म्हणून नाचणाऱ्याच्या कमरेला शेला बांधून त्याचं टोक मागून एकाने धरायचं. काका नाचायचे, धाकटा भाऊ उमेश शेला धरायचा. समोर सांबळ वाजायचा, अगदी मुखवट्याला लागून. गेल्या वर्षी तो आवाज मुखवट्याच्या आत घुमला आणि पुढे कितीतरी दिवस कानात नुसती शिट्टी होती.

"सोडा ना आता. उमेशभावजी नाचतील," काकू म्हणाल्या होत्या.

मान घरातच राहिला असता. पण त्राटिका काकांची होती. वर्षभर खाली मान घालून कागद पुढे सरकवणारा माणूस त्या लुगड्यात शिरला, की अख्खं गाव दोन पावलं मागे सरायचं.

म्हणून यंदा दुपारच्या तालमीला काकांनी दोन्ही कानांत कापसाचे बोळे गच्च ठासले आणि वरून मेण लावलं. सांबळ लांब गेला, पण आतला सूर घागरीत कोंडल्यासारखा वाढला. ताल सापडेना. त्राटिका उजवीकडे वळायची ती डावीकडे वळली आणि थेट सांबळ वाजवणाऱ्या रघुबाबांवर जाऊन आदळली.

"काय झाला तुळशा?" रघुबाबा ओरडले. "लग्न लावते का माझ्याशी?"

देवळाच्या पायरीवर बसलेल्या गोजाबाईला हसू आवरेना. "म्हातारी झाली ती. खाली बसवा तिला, पाणी पाजा."

काकांना ऐकू आलं नाही, पण हसणारी तोंडं फटीतून दिसली.

घरी आल्यावर ते मुखवटा मांडीवर घेऊन बसून राहिले. उमेश दारातच थांबला. "दादा, यंदा मी घालू?"

काकांनी मुखवटा त्याच्या हातात दिला. "घाल."

दुसऱ्या दिवशी मुखवटा उमेशच्या तोंडावर होता आणि शेला काकांच्या हातात. आज त्यांनी कापूस सैलच ठेवला होता. शेल्याच्या टोकापाशी ते आयुष्यात पहिल्यांदाच उभे होते. सांबळ सुरू झाला, उमेशचं पाऊल पडलं आणि काकांच्या मुठीत हिसका बसला. मग दुसरा. प्रत्येक ठोका कापडातून चालत हातात येत होता. कानातला सूर होताच, पण हाताला त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

"उम्या, थांब!" काका ओरडले. "काढ तो मुखवटा. आता तू मागे ये आणि ठोक्याला शेला ओढ. रघुबाबा, तुम्ही जरा लांबून वाजवा."

"लांबून?" रघुबाबा चिडले. "नवऱ्याने आपला लगीन लांबून बघायचा का?"

तरी कुरकुरत चार हात मागे सरले. उमेशने शेला ओढला आणि काकांचं पाऊल बरोबर पडलं. परत ओढला, परत पडलं. पायरीवरून या वेळी कुणी हसलं नाही.

ठरलं असं, की रात्रीच्या सगळ्या फेऱ्या उमेशच्या, उजाडल्यावरची शेवटची काकांची. काकूंनी लुगड्याचा फाटलेला काठ शिवून दिला.

बोहाड्याच्या सकाळी ऊन देवळाच्या कळसावर आलं होतं. त्राटिका निघाली. कमरेला हिसका, पायाला जमीन, पुन्हा हिसका. वळणावर काकांनी मुखवटा असा काही झटकला, की गोजाबाईने पाय पोटाशी ओढून घेतले आणि मग स्वतःलाच हसली.

फेरी संपल्यावर दोघे भाऊ सावलीत बसले. काकांच्या कानात चांगलीच शिट्टी चालू होती, उद्यापर्यंत तरी उतरणार नव्हती. त्यांनी घाम पुसला.

"दादा, पुढल्या वर्षी सकाळचीही मला दे ना," उमेश म्हणाला.

"रात्र तुझी, सकाळ माझी," काका म्हणाले. "आणि शेला एवढ्या जोरात ओढू नकोस. त्राटिकेचं लुगडं सुटायची वेळ आली होती."